काळीज कपाळामागे असतं

अण्णा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी माझा राग शिळा होत नाही. आज हैदराबादेत माझ्या दवाखान्यात एकजण बायकोला घेऊन आला. जिन्यावरून पडल्यापासून ही कशालाच रडत नाही, निर्लज्ज झालीय, म्हणाला. मी त्याच्यावर ओरडलो. खरं तर तुमच्यावर ओरडायचं राहून गेलं होतं.

आपल्या पांढऱ्या बैलाची लाथ आईच्या कपाळाला बसली तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. तुम्ही जखमेत हळद भरलीत. पंधरवड्यात ती उठून भाकऱ्या थापू लागली, आणि बरी झाली असं तुम्ही गावभर सांगितलंत. दोन महिन्यांनी माझी धाकटी बहीण तापाने गेली. तिला पुरून आपण घरी येतो, तर आई चुलीपाशी बसून भाकरी खाते आहे. डोळे कोरडे. तुम्ही तिच्या हातातला तुकडा हिसकावलात.

"तुला काळीज हाय का न्हाई?"

तिने छातीवर हात ठेवून पाहिलं. "हाय की. धडधडतंय. पर रडू येईना. कावून, ते कळंना."

आपलं दुखणं इतकं नेमकं सांगणारा रोगी मला पुन्हा भेटला नाही. आणि तुम्ही काय केलंत? चौथ्या दिवशी तिला दिंद्रुडला तिच्या भावाच्या दारात नेऊन टाकलंत. तिथेच ती गेली.

पुढे डाक्टरी शिकताना मी मेलेल्या माणसाचं काळीज हातात धरलं. रक्ताची पिशवी, दुसरं काही नाही. मग आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादांनी मेंदू दाखवला, त्याच्या पुढच्या भागावर बोट ठेवलं आणि म्हणाले, इथे मार बसला तर माणूस चालतो, बोलतो, पण पहिल्यासारखा राहत नाही. तुम्ही तिची छाती तपासत बसलात, अण्णा, आणि वण होता कुंकवाच्या बोटभर वर. रोज दिसत होता.

हे पत्र कुठे पाठवणार? पण एक गोष्ट तुम्हालाही ठाऊक नाही. त्या दिवशी दिंद्रुडला तुम्ही मामांशी बोलत होतात, आणि मी गाडी जुंपत होतो. आई जवळ आली. मी म्हणालो, "जा तू. तुला काळीजच न्हाई."

ती म्हणाली, "त्या पांढऱ्याच्या मागं उभा राहू नगं. लाथ मारतो त्यो."