सुमनची कादंबरी येण्याआधी

आबा,

‘प्रिय’ लिहायला बसले होते, हात वळला नाही. ‘तीर्थरूप’ तर लिहिणारच नाही. दोन वर्षं झाली तुम्हाला जाऊन. इतके दिवस तुमची आठवण आली की रडू यायचं, आता दात-ओठ खावेसे वाटतात. म्हणून हे लिहितेय. मनात ठेवलं तर मीच आजारी पडेन.

तुमच्या थोरल्या भावावर कादंबरी येतेय. हो, सुकलालकाकांवर! ब्रह्मदेशात लढाईत मेले म्हणून ज्यांचं नाव आम्ही फक्त पितृपक्षात ऐकलं, त्यांच्यावर. लिहिणारी त्यांचीच मुलगी आहे, सुमन. धुळ्याच्या कॉलेजात शिकवते. लढाईत मेलेल्या माणसाला लढाईनंतर कितीतरी वर्षांनी मुलगी कशी झाली, हे तुम्ही मला कधी सांगणार होतात?

श्रावणात ती आमच्या दीपनगरच्या क्वार्टरवर आली. माय शेजारी भजनाला गेली होती, हे नशीब. सुमनने सगळं सांगितलं आणि म्हणाली, दिवाळीनंतर पुस्तक येईल, त्याआधी तुम्हाला कळावं म्हणून आले. मी तिला फाडफाड बोलले. घरातली लक्तरं वेशीवर टांगायला निघालीस का म्हटलं. तिने शांतपणे चहा संपवला. ‘ताई, मी माझ्या वडिलांचं सांगतेय. ते सांगायचा मला हक्क आहे,’ म्हणाली. आणि धुळ्याचा पत्ता देऊन गेली.

अर्धी गोष्ट मला ठाऊकच होती. काका बेपत्ता असल्याची तार आली. बेपत्ता, मेले नव्हे! बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग क्रियाकर्म करायचं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तुम्हाला दोन वर्षंसुद्धा धीर निघाला नाही. आजीच्या मागे लागलात, त्याचा जीव अधांतरी फिरतोय, त्याला मोकळं कर. अंजनी नदीच्या काठी पळसाच्या पानांचा माणूस रचलात, त्याला नारळाचं डोकं लावलंत आणि अग्नी दिलात. माय तेव्हा काकांची बायको, तिने कुंकू पुसलं. वर्ष सरायच्या आत तिचा तुमच्याशी पाट लागला. तरणी भावजय घरातच राहिली, शेताची वाटणी टळली. गावाने तुमचं कौतुक केलं, भावाचा संसार सांभाळला म्हणे! मीही करत होते कौतुक. मैत्रिणींना सांगायचे, आमचे आबा असे.

पुढचं सुमनने सांगितलं. लढाई संपली. जपान्यांच्या कैदेतून सुटून, हाडांचा सापळा होऊन काका जळगावला उतरले. गावाकडे जायला त्या काळी वाहन काय, तर कापसाच्या जिनात आलेली एखादी बैलगाडी. म्हणून ते पायी जिनात गेले आणि तिथे नेमकी तुमचीच गाडी उभी. त्यांनी तुम्हाला मिठी मारली. आणि तुम्ही काय केलंत? त्यांना हाताला धरून गाडीआड नेलंत, गावचं दुसरं कुणी पाहत नाही ना ते बघितलंत, आणि म्हणालात, ‘भाऊ, तुनं क्रियाकर्म व्हई गयं. गावमा तू मरेल शे.’

त्यालाही तोड होती, आबा! मेला समजून जाळलेला माणूस परत आला तर त्याचा नव्याने जन्म करतात, बारसं करतात आणि त्याच्याच बायकोशी पुन्हा लग्न लावतात. पुतळा जाळला त्या दिवशी गावच्या जोशीबुवांनी आजीला हे सांगितलं होतं. काकांनी तुम्हाला विचारलंसुद्धा, ‘काही तोड शे का?’ तुम्ही म्हणालात, ‘शे. पन ती आते दोन जीवनी शे.’

ते पोटातलं पोर म्हणजे मी. जन्माला यायच्या आधीच तुम्ही मला पुढे केलंत! मला कुणी विचारलं होतं का? मायला विचारलंत? आजीला? ती बिचारी मरेपर्यंत दाराकडे पाहून म्हणायची, माझा सुकलाल असता तर. तुम्ही तिथेच ओसरीवर सुपारी कातरत बसलेले असायचे.

काका उठले आणि धुळ्याची मोटार धरून गेले. पुढे आग्रा रोडवर ट्रक चालवला, उशिरा लग्न केलं, कधी गावाकडे फिरकले नाहीत. धुळं आपल्या गावापासून किती लांब? सकाळच्या एस.टी.ने गेलेला माणूस जेवायला घरी!

आता कळतं, धुळ्याचं नाव काढलं की तुम्ही अंग का काढून घ्यायचे. कोर्टाचं काम असो की सोयऱ्याचं लग्न, तुम्ही दुसऱ्याला पाठवायचे. मला धुळ्याची हवा बाधते म्हणायचे, आम्ही हसायचो. मॅट्रिकला मला चांगले मार्क पडले. मावशीकडे धुळ्याला राहून कॉलेज करते म्हटलं तर तुम्ही ताटावरून उठलात. ‘धुयाले नही जावानं. घर बठ.’ मी आठ दिवस रडले, मग बसले घरी. मुलीची जात म्हणून अडवलंत असंच मी इतकी वर्षं समजत होते. तितकं तरी खरं असतं तर बरं झालं असतं.

आणि पितृपक्ष! दरवर्षी भावाच्या नावाने पान वाढायचं, छपरावर ठेवायचं आणि हात जोडून कावळ्याची वाट पाहायची. कावळा शिवेना की तुम्ही छपराकडे पाहून म्हणायचे, ‘भाऊ, काय राही गयं रे तुनं?’ आम्ही पोरं भुकेने कळवळत उभी. आणि त्या घटकेला तो माणूस धुळ्यात कुठेतरी ट्रक उभा करून भाकर खात असेल! तुम्हाला ते म्हणवलं तरी कसं?

खात्री करायला मी धुळ्याला जाऊन आले. खोटं निघावं म्हणून गेले होते, खोटं कशाला बोलू. दार काकांनीच उघडलं. तेच नाक, तेच कान, फक्त तुमच्यापेक्षा वाळलेले. मी कोण ते सांगितलं. ‘तू त्याच येळनी पोर का?’ म्हणाले आणि डोक्यावर हात ठेवला. मी म्हटलं, काका, तुम्ही माझ्या बापाला शिव्या द्या, मी ऐकून घेते. तर म्हणाले, ‘त्यानं काय चुकनं? मीच उशिरा उनू.’ मला इतका संताप आला! ज्याने भांडायचं तोच असं बोलायला लागला तर माणसाने करायचं काय?

सुमनही तशीच. नावं बदललीत म्हणते, पण जिन तेच, गाडी तीच. एरंडोलपासून धरणगावपर्यंत सगळे ओळखतील. ओळखू देत. मला बदनामीची भीती नाही, भीती वेगळीच आहे. शेवटच्या प्रकरणात म्हणे धाकटा भाऊ शेतात एकटाच बसून रडतो. रडतो? तुम्ही? ढवळ्या बैल मेला तेव्हा काय रडला असाल तेवढंच! मी म्हटलं, हे काढ. ती म्हणाली, ‘ताई, नाहीतर तो माणूस वाटत नाही.’ नको वाटू दे! तिने तुम्हाला माफ केलेलं मला छापून आलेलं नको आहे. तुम्ही मला खांद्यावर बसवून पद्मालयाच्या गणपतीला नेलं होतं, मला गोवर निघाला तेव्हा उशाशी बसून होतात, ते मला आठवत नाही असं समजू नका. आठवतं, म्हणूनच जास्त राग येतो.

पण खरा घोर मायचा होता. तिला वाचता येत नाही, म्हणून काय झालं? पुस्तक आलं की कुणीतरी बाई दारात येऊन कळवळ्याने सांगणारच, तुझा पहिला नवरा जिता आहे म्हणून. तिने ते परक्या तोंडून ऐकायचं? दोनदा कुंकू पुसलं त्या बाईने, त्यातलं एकदा जित्या माणसासाठी.

परवा दुपारी सांगितलं. ती अंगणात दोरीवरच्या धुण्यावर बसलेली वीजकेंद्राच्या चिमणीची राख झटकत होती. मी सगळं बोलले, काही लपवलं नाही. हातातलं लुगडं तसंच धरून ती ऐकत राहिली. मला वाटलं, रडेल, नाहीतर मला खोटं पाडेल. तिने एवढंच विचारलं, ‘जिनमा यास्नी त्याले पानी तरी इचारं का?’

मला उत्तर माहीत होतं. काकांनी ते सहज, बोलता बोलता सांगितलं होतं. तुमच्या गाडीला पाण्याने भरलेली छागल लटकत होती, आबा, आणि सख्खा भाऊ कैदेतून सुटून आला होता. तुम्ही पाणीसुद्धा विचारलं नाहीत.

माझं तोंड पाहून ती समजली. लुगडं दोरीवर नीट पसरलं, चिमटा लावला. ‘बलाव त्याले,’ म्हणाली. ‘पानी मी दिसू.’

रविवारी काका येताहेत, सुमन घेऊन येतेय. मी मायला म्हटलं, बैठकीतला आबांचा फोटो तोवर आत ठेवते, बरं दिसत नाही. ती म्हणाली, ‘राहू दे तठेच. देखू दे त्यास्ले.’

तेव्हा शब्द देते. फोटो भिंतीवरून हलणार नाही. रविवारी सकाळी मी काच स्वतःच्या हाताने पुसून ठेवीन. माय पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येईल तेव्हा तुम्हाला नीट दिसलं पाहिजे.

तुमचीच मुलगी, इलाज नाही,
मंगल