नेनिताची खाट

३ ऑगस्ट
मिळाली! मनिलात खाट मिळाली! आख्खी खोली घेण्याचं नावच नको, इथे आम्ही विद्यार्थी खाटच भाड्याने घेतो. माझी खालची, खिडकीजवळची. वरच्या खाटेवर रोवेना, नर्सिंगला आहे. मला बघताच म्हणाली, ये बाई, घोरत नाहीस ना? घरमालकीण मामेंग मावशी दिसायला कडक, पण आल्याआल्या भात आणि तळलेले सुके मासे पुढे ठेवले.

खरं तर खाट आमच्या इलोइलोच्याच नेनिताला कबूल झाली होती. ती सामान आणायला गेली तेवढ्यात मी मावशीला म्हटलं, तिच्या घरात क्षय आहे हो. साफ खोटं. मावशीने लगेच चादर माझ्या हातात दिली. नेनिता हुशार आहे, तिला दुसरीकडे मिळेल.

११ ऑगस्ट
नेनिता कॉलेजात भेटली. नदीपलीकडे एका माळ्यावर, प्लायवुडच्या कप्प्यात राहते. खिडकी नाही. म्हणाली, तुला मिळाली ना, बरं झालं, आपल्यातच राहिली. माझी मान वर होईना. तिला शेवया खाऊ घातल्या. तेवढ्याने काय होतंय?

२५ ऑगस्ट
त्या माळ्याला आग लागली. बाकीच्या पोरी बाहेर पडल्या. नेनिता नाही. मी मारलं तिला. मावशीला खरं सांगावंसं वाटतं, आणि मग खाट जाईल असंही वाटतं. शी!

२७ ऑगस्ट
नेनिताच्या शवपेटीजवळ बसून आले. तिची आई माझाच हात धरून रडत होती, तूच एक तिची मैत्रीण म्हणत होती. तिथून जी पळाले ती थेट खोलीवर. रोवेनाने दारातच विचारलं, वाटेत कुठे थांबलीस? कुठेच नाही म्हटलं तशी तिचा चेहरा उतरला. मयताकडून कुणी सरळ घरी येतं का गं, म्हणाली. आधी एखाद्या दुकानात टेकायचं, मागे आलेल्याला तिथे सोडायचं, मग घर. हे तर पोरासोरांनाही ठाऊक असतं. मीच कशी विसरले?

३० ऑगस्ट
रोवेना विचारते, दुपारी तुझ्या खाटेवर मांडीवर पिशवी घेऊन बसते ती मुलगी कोण? नवी आली का?

२ सप्टेंबर
पिशवी आता खाटेखाली आहे. हात लावून पाहिला. चटका बसला —

४ सप्टेंबर
रोवेना गेली. जाताना म्हणाली, तुझी पाहुणी तूच सांभाळ. खाटेची भिंतीकडची बाजू तापलेली असते. मी कडेला निजते. रोज थोडी आणखी कडेला —

५ सप्टेंबर
मावशीला सगळं सांगितलं. तिने छातीवर क्रूस काढला. म्हणाली, मेले, माझ्या तोंडून त्या लेकराला नाही म्हणवलंस! आजच्या आज तिला बाहेर सोडून ये, नाहीतर तूही चालती हो.

बेकरीत बसलेय. एवढी गर्दी, पण समोरच्या खुर्चीवर कुणी बसत नाही. नेनिता, माफ कर गं. पुन्हा तुलाच बाहेर काढतेय — फक्त उठायचं, मागे बघायचं नाही —

शेजारच्या टेबलावर एक पोरगी. पायाशी ट्रंक, आजच बोटीने आलेली. मला विचारते, ताई, इकडे कुठे खाट मिळेल का —

हिला सांगायला हवं. ऊठ म्हणायला हवं, पळ म्हणायला —

समोरची खुर्ची तिच्याकडे वळली.

मी उभी आहे. उभ्यानेच लिहितेय. तिला म्हटलं, अशी अवघडून का बसलीस, ये, माझ्या जागेवर बस, मी निघालेच —