“चल, मी पण येते”

आई, तुझी बोटं कायम निळी असायची. कॅम्प चारच्या वस्तीतल्या आपल्या खोलीत जीन्सचे धागे कापता कापता तो रंग नखांत जाऊन बसलेला. पीठ मळायच्या आधी तू हात घासघासून धुवायचीस, तरी जायचा नाही. मी तेव्हा सोळाची. सायबर कॅफेत चॅटवर ओळख झालेला एक ‘कॉलेजचा मुलगा’ मला अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनाबाहेरच्या ज्यूस सेंटरवर बोलावतो, आणि मी ते तुला सांगून टाकते, कारण तुझ्यापुढे खोटं मला कधी जमलंच नाही. वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. तू कात्री खाली ठेवलीस. “चल, मी पण येते. बघू तरी कोण हिरो आहे तो.”

आणि खरंच आलीस, ठेवणीतली साडी नेसून. मला पुढच्या टेबलाशी बसवलंस, स्वतः मागे बसून मोसंबीचा ज्यूस मागवलास. आला तो चाळिशीचा, पोट सुटलेला माणूस. तू उठून म्हणालीस, “बसा ना भाऊ, मी हिची आई.” तो जो पळाला! तू पोट धरून हसलीस, मी रडले. घरी येताना तू एवढंच विचारलंस, “पुढच्या वेळी पण सांगशील ना?”

आता माझी मुलगी चौदाची आहे. बदलापूरच्या घरात तिला वेगळी खोली आहे आणि तिचं दार बंद असतं. मागच्या वर्षी ती आपणहून सांगायला आली होती, गेममधला कुणीतरी तिचा नंबर मागतोय म्हणून. मी घर डोक्यावर घेतलं, फोन महिनाभर कपाटात कुलूपबंद केला. वर म्हणाले, “आमच्या वेळी असली थेरं नव्हती.” त्यानंतर तिने मला काही सांगितलं नाही. गेल्या आठवड्यात शाळेतून फोन आला. कुणीतरी तिचा फोटो घेऊन तिला धमकावतोय, आणि हे तिने वर्गाच्या टीचरना सांगितलं होतं. मला कुणाशी हे बोलवत नाही, म्हणून तुला लिहिते आहे.

आज पोलिसांत तक्रार द्यायची होती. मी सुट्टी टाकली, चप्पल घालून दाराशी उभी राहिले. ती म्हणाली, “बाबा आणि टीचर येतायत. तू राहू दे मम्मी, तू ओरडशील.” मी बरं म्हटलं. ते गेल्यावरही बराच वेळ चप्पल पायातच होती. आई, त्या हलकटाचा राग यायला हवा होता ना मला? मला त्या टीचरचा आला.