शनिवारी गुलमर्गला बर्फ पडेल का?

बेळ्ळंदूर, मंगळवार संध्याकाळ

सईला काय सांगू? ती ऑफिसच्या ग्रुपबरोबर गुलमर्गला स्कीइंगला निघालीय. ताजा, भुसभुशीत बर्फ मिळणार असेल तरच तिकीट काढणार. अंदाज मला विचारला, कारण स्कीइंगवाल्यांना हिमवादळं आधी कळवणं हीच माझी नोकरी. कॉलेज अर्धवट सोडून धरलेली. ग्रुपमध्ये तो निखिल आहे. तो तिला शिकवणार म्हणे. तिने पिवळे हातमोजेसुद्धा घेतले, फोटो पाठवला.

कॉम्प्युटरचं एक मॉडेल म्हणतं, शनिवारी गुलमर्गला तुफान बर्फ. दुसरं म्हणतं, वादळ उत्तरेकडून निघून जाईल. मला दुसरं खरं वाटतंय. पण ते खरं आहे, की मला तसं हवंय? पिवळे हातमोजे डोक्यातून जात नाहीत, त्यात कसला अंदाज.

शेजारी बसणारे आमचे सीनियर, अण्णा, म्हणाले, "स्वल्प थांब रे, सकाळचे आकडे येऊ देत. बर्फ पाहिलायस तरी कधी?"

"फ्रीजरमधला."

शेवटी सईला फोन लावला. म्हटलं, "खरंच कळत नाहीये. उद्या सकाळी सांगतो."

"मग तूच चल की बरोबर. तिथे बघून सांग."

ही थट्टा होती की बोलावणं? मी गडबडलोच. "मला रजा मिळणार नाही," म्हणालो आणि फोन ठेवून दिला.

अण्णांनी स्क्रीनवरून नजर न हलवता विचारलं, "रजा मागितलीस कधी?"