रेहानने सांगितलेला स्वस्त फिल्टर

५ जानेवारी, रविवार
बायकोला शब्द दिलाय : पुन्हा एकदा जीप चढावर बंद पडली तर विकून टाकीन. तिने तो कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. एरवी योगिनी कॅलेंडरवर फक्त गॅस आणि दूध लिहिते. २६ तारखेला आमच्या जीप क्लबची सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळपठारावर, राइड आहे. जीप बंद का पडते ते मी शोधलंय. इंजिनाला हवा कमी पडते. संकल्प : नवा इनटेक, म्हणजे हवा आत घेणारा पाइप, आणि नवा फिल्टर.

७ जानेवारी
मेकॅनिक रेहानकडे गेलो. म्हणाला, "साहेब, आपल्या लाल धुळीला कागदाचाच फिल्टर बरा. भरला की बदलायचा." मेकॅनिक असून स्वस्तातलं सुचवतो? एकोणीस वर्षं विम्याचे क्लेम तपासतोय मी. माणूस आपल्या भल्याचं बोलायला लागला की त्याची फाइल उघडायची.

१० जानेवारी
ऑनलाइन कापडी फिल्टर मागवला. त्याला तेल लावायचं, धूळ तेलाला चिकटते, मग धुऊन पुन्हा वापरायचा. सोबत स्नॉर्केल. म्हणजे पार टपापर्यंत जाणारा पाइप, वरची गार हवा थेट इंजिनात. रेहानला आधी कळवलं नाही.

१३ जानेवारी
रेहानने सगळं बसवलं. मी तीन तास स्टुलावर बसून पहारा दिला. मध्येच त्याने चहा मागवला, माझं लक्ष उडवायला. प्यायलो नाही. गार झाल्यावर प्यायलो. निघताना म्हणाला, फिल्टरला त्याचंच तेल लावा, वेगळी बाटली मिळते. आलं लक्षात. बाटलीवर कमिशन असणार.

१४ जानेवारी
संक्रांत. सगळे गोड बोलतायत. रेहानचाही मेसेज आला. संशय वाढला.

१८ जानेवारी, दुपारी दोन
त्या बाटलीत नक्की कसलं तेल असतं, कोणी सांगत नाही. आणलीच नाही. गुहागरच्या आत्याकडचं घाण्याचं खोबरेल सढळ हाताने लावलं. डोळ्यांदेखत काढलेलं, भेसळीचा प्रश्नच नाही. भर उन्हात टेस्ट घेतली. जीप एका दमात चढली. योगिनी म्हणाली, गाडीला न्हाव्याच्या दुकानासारखा वास येतोय. दुर्लक्ष केलं.

२५ जानेवारी
रेहान उद्या मदतीला येतोय. फुकट! फुकट का? शिवाय योगिनी त्याच्याशी फोनवर बोलत होती. विचारलं तर म्हणे डब्याचं बोलणं होतं. दोघांचा मिळून जीप विकायचा बेत दिसतोय. गिऱ्हाईकही रेहानच असणार. सावध राहणे.

२६ जानेवारी, दुपारी
पहाटे सड्यावर कडाक्याची थंडी. पहिल्याच चढावर, अर्ध्यात, जीपने मान टाकली. मी सगळ्या क्लबसमोर रेहानला म्हटलं, तूच काहीतरी केलंयस. त्याने फिल्टरचा डबा उघडून माझ्यापुढे धरला. आत पांढरंफेक खोबरेल, दगडासारखं थिजलेलं. गाडी रात्रभर उघड्यावर, वर स्नॉर्केलची गार हवा. इंजिनाला श्वास घ्यायला फट नव्हती. सोबत आलेल्या योगिनीने विचारलं, बाथरूममधली तेलाची बाटली मी रोज उन्हात ठेवते ती काय हौस म्हणून?

क्लब पुढे गेला. रेहान थांबला. फिल्टर बॉनेटवर उन्हात ठेवला आणि आम्ही तिघं तेल वितळायची वाट बघत बसलो. योगिनीने डबा उघडला. पोहे तिघांपुरते होते. फोन खरंच डब्याचा होता. मला फार लाज वाटली.

शेवटी मीच विषय काढला. शब्द दिलाय, या आठवड्यात जीप विकतो म्हटलं. योगिनीने पोह्यातली मिरची बाजूला काढली.

"राहू दे जीप," ती म्हणाली. "ती गेली तर तुम्ही दिवसभर माझ्यावरच संशय घेत बसाल."

रेहानने तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. घरी येताना गाडी तिने चालवली.