तुझं पोट कधीच दुखत नव्हतं

लाडके मने,

आठवीत शाळा सोडलेला तुझा दादा पत्र लिहायला बसलाय, हसून घे. माझ्या चुका तू लाल पेनानं काढायचीस. आता कोण काढणार? राहू देत तशाच.

काल सोनीचा फोन आला म्हणून लिहायलोय. आपली सोनी आता नववीत गेली, तुझ्याच मुरुडच्या शाळेत. म्हणाली, "दादा, माझं पोट दुखतंय." मी म्हणालो, "मग दवाखान्यात जा की." तर म्हणती, "तसं न्हाई रे. झोप लागत न्हाई. कशातच मन लागत न्हाई. पण घरात पोट दुखतंय म्हटलं तरच चालतं. दुसरं काई म्हटलं की आई रडती."

मने, इथं गुजरातेत मोरबीला टाइल्सच्या भट्टीपाशी उभा होतो, तरी गार पडलो.

कारण हे पोटदुखीचं खोटं तुझ्यापासून सुरू झालंय. तू स्वतःला संपवलंस आणि मातीला आलेल्या प्रत्येकाला बापूंनी एकच सांगितलं, "पोटात लई दुखायचं तिच्या. कंटाळली बिचारी." सगळ्यांनी माना हलवल्या. आपल्याकडं हे सगळ्यांना पटतं. तुझं पोट कधी दुखलं गं? हरभऱ्याचे कच्चे घाटे पोतंभर खाऊन पचवणारी तू! मी बापूंना कोपऱ्यात घेऊन विचारलं, तर म्हणाले, "सोनीला उजवायची हाय. पोरीच्या डोक्यात बिघाड होता असं कळलं तर कोण दारात येईल?" तुझ्या तेराव्याच्या आधी बापाला सोनीच्या सोयरिकीची काळजी!

तू जायच्या आधीच्या त्या तपासणीच्या दिवसाचा राग तर माझ्या डोक्यातून जातच न्हाई. शाळेत दरवर्षी दवाखाना भरायचा. डोळे, दात, रक्त तपासायचे. त्या खेपेला पहिल्यांदाच मन बी तपासणार होते. लातूरहून एक तरुण समुपदेशक आले, एकेकाला खोलीत बसवून विचारणार म्हणून. पण वयात आलेली पोरगी परक्या पुरुषासमोर एकटी कशी बसवायची? म्हणून मुख्याध्यापकांनी प्रत्येक पोरीच्या घरची एक बाई सोबत बोलावली. पोरं एकटी बसली, पोरींशेजारी पहारा!

आई सोयाबीन काढायला गेलेली, म्हणून काकू आली. ठेवणीतलं लुगडं नेसून. तुझी मैत्रीण सारिका दारातच उभी होती, तिनं मला सगळं सांगितलंय.

समुपदेशक सरांनी तुला विचारलं, "झोप लागते का?" काकू म्हणाली, "लागती की! हलवून उठवावं लागतं."

"जेवण जातं का?" "दोन भाकरी खाती, बघा."

"कधी जगणं नकोसं वाटतं का?" "अगं बया! काय इचारायलेत सर? आमच्या घरात असलं काई नसतंय."

आणि सरांनी पुढच्या पोरीला हाक मारली. अहो सर, पोरगी तोंड उघडेना हे दिसलं न्हाई तुम्हाला? "काकू, जरा बाहेर बसा" एवढं म्हणायला काय लागत होतं?

आणि तू! तू मला फोनवर काय सांगितलंस? "दादा, काकूनं माझी परीक्षा दिली आन पास बी झाली." आपण दोघं हसलो. मने, हसायचं होतं का ते? तुझ्यासारखी भांडखोर पोरगी, मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारी. त्याच्यानंतर फोनवर नुसतं "हं" आणि "बरं". तू भांडायचं सोडलंस तिथंच कुणीतरी घाबरायला पाहिजे होतं.

काकूलाही बोललो मी, लई बोललो. ती म्हणाली, "मी काय वैरीण होते का रं तिची? घराची अब्रू राखली." वैरीण नव्हतीच. म्हणून तर जास्त राग येतो, कुणाच्या अंगावर धावून जायची सोय न्हाई.

आता पुढच्या आठवड्यात तोच दवाखाना पुन्हा भरणार आणि सोनीसोबत पुन्हा काकूच जाणार. सोनीनं सांगितलं तसा मी सरळ मुख्याध्यापकांना फोन लावला.

"सर, माझ्या बहिणीला एकटीला बसू द्या."

"अरे, उद्या कुणी काही बोललं तर? घरचं माणूस पाहिजेच."

"पाहिजे ना, मग दाराबाहेर बसवा. दार उघडं ठेवा, दिसू द्या सगळ्यांना. ऐकू जाऊ नका देऊ."

मग म्हणाले, "तू मनीषाचा भाऊ ना रे?" मी म्हणालो, "व्हय." मग हळूच म्हणाले, "ये. घरचं माणूस म्हणून तूच ये."

शेट रजा देईना. हिशोब मागितला आणि बॅग भरली. हैदराबाद सोडलं, पुणं सोडलं, कुठंच माझा पाय ठरत न्हाई म्हणून तू चिडवायचीस ना? यावेळी कारण हाय बघ.

मने, तुला शब्द देतो. मी त्या दाराबाहेर बसणार. काकू आली, बापू आले, गाव आलं, तरी कुणाला आत जाऊ देणार न्हाई. त्या समुपदेशक सरांनी लातूरच्या डॉक्टरकडं न्यायला सांगितलं तर दिवसाउजेडी नेणार, गावदेखत नेणार. कुणी विचारलं तर पोटदुखी सांगणार न्हाई.

आणि सोनी बाहेर आली की "काय बोललीस?" म्हणून मी बी विचारणार न्हाई.

तुझ्यावर अजून चिडलेला,
बाळूदादा