विसण

बिबवेवाडी, पुणे
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. उत्कर्षा हिस,

पोटभर आशीर्वाद. चिमीच्या दोन्ही गालांचा माझ्या वाटणीचा पापा घे, आणि तेजसला म्हणावं वेळेवर जेवत जा. मी बरी आहे. इकडे थंडी पडायला लागली. शेजारची शकू सकाळी गॅलरीत उन्हाला पाय सोडून बसते आणि जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाची उलटतपासणी घेते, म्हणजे तीही बरी आहे.

पत्र बघून हसशील. हातात फोन असताना सासूबाईंना हे काय सुचलं! पण फोनवर तू "बोला ना आई" म्हणालीस की माझी जीभ टाळूला चिकटते. शुद्धलेखनाकडे बघू नकोस. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर शिकले.

परवा तू म्हणालीस, "माझं काही बोलणं लागलं असेल तर सोडून द्या ना आई. सोमवारी माझं ऑफिस सुरू होतंय. रविवारी तेजस गाडी घेऊन येईल, तुम्ही चला. चिमीला मी दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ?" मी "बघू" म्हणाले आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता.

पोरी, तुझं काही चुकलेलं नाही. हे आधी लिहून टाकते. पुढचं वाचताना तुला माझा राग येईल, तो येऊ दे, पण स्वतःवर काढू नकोस.

गणपती उठले त्या आठवड्यातली ती सकाळ तुला आठवत असेलच. तेजस बंगळूरला गेला होता. तू चहाचा कप घेऊन बाहेर आलीस तर मी पिशवी भरून दारात. "अहो आई, कुठं निघालात?" म्हणालीस. मी म्हणाले, "मी सासू आहे. तुझ्या लेकीची न्हाऊ घालणारी बाई नव्हे. पगार देऊन ठेव एखादी." कप तसाच तुझ्या हातात राहिला. आदल्या दिवशी तू म्हणाली होतीस, डॉक्टर सांगतात बाळाच्या कानात तेल घालू नका. त्याचाच मला राग आला, असं तुला वाटलं. मी वाटू दिलं. रागावलेल्या सासूला कोणी काही विचारत नाही, हे मला ठाऊक होतं.

राग नव्हता गं. मी पळून आले.

आता मागचं सांगते. तुझे सासरे पौषात गेले. त्यानंतर मी झोपेत ओरडायला लागले. मला सकाळी काही आठवायचं नाही. घसा बसलेला असायचा आणि छाती अशी धडधडायची, जसं कोणी मागं लागलंय. शकू म्हणाली, "मुक्ते, सगळा मजला उठवतेस. काल वरचे जयसिंग काठी घेऊन खाली आले, चोर शिरला म्हणून." मी विचारलं, काय ओरडते मी? शकू, जिच्या तोंडाला कधी झाकण नसतं, ती उठून गेली.

मग डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. रोज एक. तुला मी ती बीपीची म्हणून सांगत होते. आधीच तू ओली बाळंतीण, त्यात सासूच्या डोक्याचं काहीतरी बिनसलंय, हे कशाला ऐकवायचं? झाकली मूठ ठेवली. माहेरून तू परत आलीस, मी तुमच्याकडे राहायला आले, आणि गोळीनं ओरडणं थांबलं. मला वाटलं, सुटले.

पण कधी सकाळी माझे पाय ओले असायचे. कधी गॅसवर मोठं पातेलं असायचं. एकदा तू विचारलंसही, "आई, हे पातेलं कोणी काढलं?" मी तेजसवर ढकललं. मनात म्हटलं, मीच पाणी प्यायला उठले असेन. पुढं एका गोळीनं झोप पुरेना, तशी मी मनानंच दुसरी घ्यायला लागले.

आणि मी निघाले त्याच्या आदल्या रात्री तू चिमीला माझ्याजवळ आणून ठेवलंस. डोळे तांबारलेले होते तुझे. म्हणालीस, "आज तुम्ही घ्या हो आई. मला चार तास तरी सलग झोपू दे." त्या वेळी मी सांगायला हवं होतं. दोन्ही गोळ्या पोटात गेलेल्या होत्या. मी तिच्यावर दुपटं घातलं आणि म्हणाले, "जा, निवांत झोप."

जाग आली ती तुमच्या न्हाणीघरात. दिवा नव्हता. खिडकीतून उजाडत होतं तेवढाच उजेड. मी पाटावर पाय लांब करून बसलेले, जशी रोज बसते. चिमी माझ्या नडग्यांवर पालथी, उघडी, अंगाला तेल लावलेलं. टॉवेल खांद्यावर. बादली उजव्या हाताला. सगळं जागच्या जागी. माझ्या हातांनी झोपेत एक गोष्ट चुकवली नव्हती. फक्त विसण घातलं नव्हतं, गार पाणी मिसळलं नव्हतं. बादलीत पातेल्यातलं उकळतं पाणी होतं, तसंच्या तसं.

तुला ठाऊक आहे, मी रोज पहिलं तांब्याभर पाणी माझ्याच पावलावर ओतते. तू हसायचीस, "आई, आधी स्वतःची आंघोळ का?" माझ्या सासूबाईंनी लावलेली सवय ती, आधी आपलं कातडं, मग लेकराचं. त्या सवयीनं ते पाणी माझ्या पावलावर पडलं, आणि मी जागी झाले. चिमीला थेंब लागला नाही. मी पुन्हा लिहिते, थेंबसुद्धा लागला नाही. ती रडलीही नाही, माझ्याकडे मान वळवून बघत होती. तिला वाटलं असेल, आजी आज लवकर न्हाऊ घालते आहे.

मी तिला पुसलं, कपडे घातले, तुझ्या कुशीत ठेवून आले. तू झोपेतच तिला जवळ ओढलंस. पायावर चहा सांडला असं तुला सांगितलं, ते हेच.

इथे आल्यावर डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आजी, गोळी मी एक लिहिली होती. दुसरी कोणी लिहिली?" म्हटलं, मनानं घेतली. "मग मनालाच विचारायचं होतं, माझ्याकडे कशाला आलात?" असं म्हणाले, पण नंतर खुर्ची पुढे ओढून अर्धा तास समजावत बसले. या गोळ्यांनी काही माणसं झोपेत उठतात, चालतात, रांधतातसुद्धा, म्हणाले. पहिल्यांदा पाय ओले दिसले तेव्हाच यायला हवं होतं तुम्ही. आता ती गोळी त्यांच्या सांगण्याप्रमाणे बंद झाली आहे. रोज संध्याकाळी शकू माझ्या गॅसचा रेग्युलेटर काढून तिच्या घरी नेते. "सोनं नाणं सोडून लोकांचे रेग्युलेटर सांभाळतेय, बघा माझं नशीब," असं जिन्यात सगळ्यांना ऐकवून नेते. दाराच्या कडीला तिनं घुंगरांचे चाळ बांधलेत. ते वाजले की ती उठते, म्हातारी मेली दोन गुडघे धरून.

मी ओरडते काय, तेही तिनं शेवटी सांगितलं. "पाणी गार आहे," असं ओरडते.

सासरे गेले तेव्हा तू पोटुशी होतीस, म्हणून तुला आतल्या खोलीत बसवलं होतं, तू पाहिलं नाहीस. तुझे सासरे यवतमाळच्या उन्हात वाढलेले, पुण्याची थंडी त्यांना कधी मानवली नाही. उन्हाळ्यातसुद्धा कढत पाणी लागायचं. आणि त्या पौषातल्या सकाळी त्यांना शेवटची आंघोळ घातली ती नळाच्या पाण्यानं. मी म्हणाले, थांबा, मी तापवते. कोणीतरी म्हणालं, "मावशी, आता त्यांना काय गार नि काय गरम." लोकांना कामावर जायचं होतं. खोटं काय बोलले? पण मी हात धरून थांबवलं नाही कोणाला. तेव्हापासून झोपले की मी पाणी तापवायला उठते, असं आपलं मला वाटतं. डॉक्टर म्हणाले, असेलही. त्यांनी दुसऱ्या एका बाईंकडे पाठवलंय, नुसतं बोलायला. जाते.

आता जे लिहायचं टाळत होते ते. तुला वाटेल, गोळी सुटली, मग आता काय अडलं? गेल्या आठवड्यात पहाटे चाळ वाजले नाहीत, कारण मी दाराकडे गेलेच नाही. सकाळी शकू चहा घेऊन आली तर मी मोरीत पाटावर, पाय लांब केलेले, आणि माझ्या रिकाम्या नडग्यांवर तेल चोळत होते. हळूहळू, खालून वर, बाळाच्या पाठीला चोळतात तसं. शकूनं हाक मारली तर म्हणाले म्हणे, "थांब, विसण घालायचंय."

म्हणून रविवारी गाडी आणू नका. मी तुमच्याकडे मुक्कामाला येणार नाही. डॉक्टर "आता चालेल" म्हणाले तरी माझं मन म्हणेपर्यंत नाही. तेजसला हे पत्र तू वाचून दाखव, मला त्याच्यासमोर तोंडानं सांगवणार नाही. चिमीसाठी दुसरी सोय बघ. बाई ठेवलीस तर पहिले काही दिवस स्वतः समोर बस. मी वाईट बोलले होते त्या बायकांबद्दल, तसं काही नसतं.

आणि हे वाचूनही तुझं मन झालं, तर एखाद्या रविवारी दुपारी तिला घेऊन इकडे ये. मी जागी असेन, शकूही असेल. पाटावर तू बस. तुला पाय लांब करून बसता येत नाही म्हणतेस, ते मी शिकवते. पाणी तू घे, विसण तू घाल, आधी तुझ्या पावलावर ओत. मी दाराशी बसून नुसती बघेन. हात लावणार नाही. आणि मन नाही झालं, तरी मी तुला एका शब्दानं विचारणार नाही. तुझ्या जागी मी असते तर आले नसते.

पायाचा फोड बसला आहे. डाग राहिलाय, राहू दे.

त्या सकाळी जी मी नव्हे म्हणाले होते, तीच,
चिमीची न्हाऊ घालणारी बाई,
मुक्ताई